पडद्यावरची पाऊलवाट

३ नोव्हेंबर १९८८
लागली एकदाची नोकरी! उल्हासनगर कॅम्प एकमधला टेकूमल शेठचा फोटो स्टुडिओ. काम पडदे रंगवायचं आणि निगेटिव्हवरचे डाग घालवायचं. एमआयडीसीतल्या केमिकलच्या वासापेक्षा टर्पेंटाइन शंभरपट बरं. मागच्या भिंतीवरच्या पडद्यावर शेठचं लाडकं स्वित्झर्लंड: बर्फाचे डोंगर, लाकडी घरांचं गाव, तिथून उतरणारी पाऊलवाट. बर्फावर घसरायच्या पट्ट्यासुद्धा आहेत, सुताराकडून करून घेतलेल्या. माथेरानही न परवडणारी जोडपी स्वेटर घालून घामाघूम उभी राहतात आणि खरंच फिरून आल्यासारखी खूश होऊन जातात. बुवापाड्याला घरी येऊन अंजनाला सांगितलं, तर ती पोट धरून हसली. मग म्हणाली, लग्नानंतर आपलं फिरायचं राहिलंच आहे, मलाही ने.

६ नोव्हेंबर
पडद्यावरची वाट जमिनीपर्यंत येतच नाही. खाली हातभर कोरा बर्फ. मला ते सारखं खुपतं. शेठ म्हणाले, अनंता पेंटरने मुद्दाम तसं ठेवलंय, उसको हाथ नहीं लगाने का. हा पडदा त्याच अनंताने रंगवलेला, आता तो बदलापूरला असतो. जुन्या माणसांची एकेक नाटकं! शेठ जेवायला गेले तेवढ्यात मी वाट खाली आणून फरशीला भिडवली. झकास! अंजना डबा घेऊन आलीच होती. पहिली तिलाच उभी केली, जांभळ्या साडीवर लाल स्वेटर घालून.

९ नोव्हेंबर
फोटो शोकेसमध्ये लावला. काय गोड हसलीय! घरी मात्र तिला थंडी भरलीय. ताप नाही. दुपारच्या उन्हात बसवलं तरी कुडकुडते. मला कशात चैन पडत नाही.

११ नोव्हेंबर
शोकेसची काच पुसत होतो. फोटोत अंजना पाठमोरी आहे. वाटेवर, बरीच वर. असा फोटो मी काढलेलाच नाही. शेठना दाखवला, तर ते काचेपासून मागेच सरले. वाट कोणी जोडली, एवढंच विचारलं. घरी तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. म्हणाली, फिरून आले, काय सुंदर गाव आहे, उद्या अजून वर जाईन.

१२ नोव्हेंबर
बदलापूरला अनंताला गाठलं. त्याने कपाळाला हात लावला. जोडलेल्या वाटेवर पहिलं उभं राहिलेलं माणूस चालतच सुटतं, म्हणाला. एकदा त्या घरांत शिरली की गेली. त्याआधी वाट पुसून टाक, पण बायको तुझ्या घरात आहे याची खात्री करून. हे त्याने दोनदा बजावलं. मला ती हवी आहे. बाकी काही नको.

१३ नोव्हेंबर, सकाळ
गोधडीत निजलेली पाहूनच निघालो. पांढरा रंग फासला. वाट गेली. सुटलो!

दुपार
गोधडीत कोणी नव्हतं. नुसती गोळा झालेली गोधडी—ओली—
उघडून का नाही पाहिलं मी—
फोटोत तिचं तोंड आता इकडे. वाट तुटली तिथेच उभी. परत येत होती ती. घरी येत होती—

१४ नोव्हेंबर
रंग धरतच नाही. वाट काढतो, लगेच बुजते. पडद्यावर बर्फ पडतोय. अंजना दिसतेय—कमरेपर्यंत बुडालेली—
शेठ दार ठोठावताहेत.
हाताला गार लागलं. खरंच बर्फ—
हातभरच तर आहे. अंजना, हलू नकोस, मी हा—