आईनं पाच वेळा लावलेला फोन

प्रिय अनुताई,

काल तुझ्या मोबाईलवर आईशी बोललो. बोललो म्हणजे काय, 'जेवलास काय?' आणि 'पाऊस हाय काय तिकडं?' एवढंच. ती अजून फोन हातात धरत नाही, तुलाच तिच्या कानाशी धरावा लागतो, असं तू म्हणालीस. मलकापुरात तुझ्या घरी येऊन तिला दोन महिने झाले, तरी ती आपल्याच हाताला बोल लावते. आबा माझ्या हातानं गेलं, म्हणते. ते ऐकल्यापासनं कामात लक्ष नाही.

इथं इंदुरात माझं बरं चाललंय. नववी नापास माणसाला हे काम जमतंय याचं मलाच नवल वाटतं. दुकानांत, दवाखान्यांत, घरांत नेटवरचे फोन बसवतो. आपल्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे होऊन ते नेटच्या वायरीतनं पळतात आणि पापणी लवायच्या आत पलीकडं परत जुळतात. परवा एका कापडवाल्याला एकच नंबर चार टेबलांवर वाजेल असं करून दिलं. तो गावाला गेला तर तोच नंबर त्याच्या मोबाईलवर वाजतो. खूश झाला गडी. निघताना मी प्रत्येकाला एक वाक्य सांगतोच, 'शेठ, लाईट गई तो फोन गया. बॅटरी लगवा लो.'

उन्हाळ्यात आलतो तेव्हा वाडीत नेटची नवी वायर आलती, म्हणून तसलाच फोन आपल्या घरी बसवला. जुन्या तारेच्या फोनवर नुसती खरखर, आणि आपल्या खोलगट वाडीत मोबाईलला रेंज नाही. आबांना तो नकोच होता. 'आरं, हाय त्यो बरा की,' म्हणत होते. मी फोनच्या नेटच्या डब्याचा प्लग बोर्डात घातला तर म्हणाले, 'फोनला प्लग? त्यो काय मिक्सर हाय व्हय?' सगळ्यांत जास्त मीच हसलो. जुनी लाईन बंद करायचा अर्जही मीच दिला. आईला मात्र नवा फोन आवडला. तू शेजारच्या खोलीतनं बोलतोस असं वाटतंय, म्हणायची.

ताई, जुन्या फोनला करंट तारेतनंच यायचा, पार एक्स्चेंजमधनं. घरात तीन दिवस लाईट नसली तरी तो वाजायचा. नव्याचा डबा चालतो घरच्या लाईटवर. म्हणून बॅटरी लागते. ती आणायला मी कोल्हापुरात गेलतो, दुकान बंद होतं. एक दिवस थांबलो असतो तर मिळाली असती. पण माझं तुला माहीत आहे, तीन दिवस झाले की घर खायला उठतं. गणपतीत आणतो म्हणालो आणि गाडी धरली.

श्रावणात आबांच्या छातीत कळ आली, त्या दिवशी सकाळपासनं लाईट नव्हती. आईनं जीपवाल्या जोतीरामतात्यांना फोन लावला. पाच वेळा लावला, लागलाच नाही. मग तशीच पावसात ओढ्यापलीकडं टेकावरच्या, रेंज येते तिथल्या त्यांच्या घरी पळाली. गगनबावड्याचा दवाखाना गाठला तर डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं. दिवसकार्याला ती येईल त्या बाईला सांगत होती, 'हात वलं हुतं माझं. दहा आकडं धड दाबता आलं न्हाईत मला.' मामा म्हणाले, घाबरल्यावर गोंधळ व्हायचाच. लाईटचा आणि फोनचा संबंध कुणाच्या ध्यानातच आला नाही, कारण जुन्या फोनचा तसा काही संबंधच नव्हता. मी दारात उभा होतो. मला कळलं होतं. गप्प बसलो, आणि दुसऱ्या दिवशी इंदूरची गाडी धरली.

तीनदा फोनवर सांगायला घेतलं, आईचा आवाज आला की तोंडच मिटतं. म्हणून लिहितोय. हे तिला मोठ्यानं वाचून दाखव, दाजींसमोर. मामांनाही बोलाव. तिचा एकही आकडा चुकला नव्हता. फोनच मेलेला होता, आणि तो तसा मी ठेवून आलतो. वाचताना मधे थांबू नकोस. ती लगेच म्हणेल, 'आसू दे, पोरगं हाय, त्याला काय ठावं?' ताई, मला ठाऊक होतं. तेवढं तिला मानायला लाव.

तुझाच,
राजवीर