पाच पत्ते ओळीने

३ मे
दुसरी! एका मार्काने! आणि तो मार्क माझा आहे — सरांनी खाल्लाय.

क्लासची फुकट जागा एकच, या परीक्षेतल्या पहिल्या नंबराला. ती संदेशला. फी भरून रोज पालीहून रत्नागिरीला क्लास — आमच्या घरात तो विषयसुद्धा निघणार नाही.

प्रश्न एकतीस. बावन्न पत्त्यांतले पाच उचलून ओळीने मांडले, तर मांडण्या किती? ओळीने! म्हणजे क्रम आला. म्हणजे परम्युटेशन. मी लिहिलं ३१,१८,७५,२००. सरांचं उत्तर २५,९८,९६०. ते नुसते पाच पत्ते निवडायचे झाले! संदेशनेही तेच लिहिलं, त्याला मार्क.

वर्गात उठून सांगितलं. "पंधरा वर्षं शिकवतोय मी. बस खाली." सगळे हसले. बसले नाही. तास संपेपर्यंत उभीच!

४ मे
आई — "कशाला वाद घालतंस गो? सर काय चुकतील?" बाबांचंही तेच. मग पत्त्यांचा कॅट काढला. राजा, राणी, गुलाम ओळीत लावले. मग राणी पुढे आणली.

"पानं तीच ना?" बाबा.

"पानं तीच. ओळ वेगळी."

बाबांनी स्वतः लावून बघितलं. तीन पानांच्या सहा ओळी झाल्या. पाचांच्या एकशेवीस होतात, म्हटलं. बाबांनी पानं गोळा केली. मग — "जा स्नेहल, सांग परत. पण उलटं बोलू नको."

उलटं कशाला? सुलटंच बोलणार आहे.

६ मे
सर केबिनमध्ये. "परत तू?"

"सर, प्रश्न एकदा मोठ्याने वाचता का?"

वाचला. 'ओळीने'पाशी अडखळले. पुन्हा वाचला, मनात. सॉरी वगैरे काही नाही. "नवीन यादी लावतो," एवढंच.

७ मे
पहिली!!! माझा एक वाढला, संदेशचा एक गेला. तो माझ्याशी बोलला नाही. नको बोलूस. आई शेजारच्या सोनूबाईंकडे सांगून आली, मग अख्ख्या वाडीला कळलं.

९ मे
उगाच सगळा पेपर परत सोडवला. कोणी सांगितलं होतं!

प्रश्न अठरा. पाच पत्त्यांत निदान एक एक्का हवा, असे हात किती? मी आधी एक एक्का घेतला, मग उरलेल्यांतून चार — ९,९९,६००. सरांचंही तेच, म्हणून मार्क मिळाला. पण हातात दोन एक्के आले तर? तोच हात दोनदा मोजला! एकूण हातांतून बिनएक्क्याचे वजा करायचे होते. ८,८६,६५६. संदेशने हेच लिहिलं होतं, पेपर मिळाले तेव्हा बघितलं होतं. चूक म्हणून खूण झाली, तो गप्प बसला.

गप्प बसला ही त्याची चूक. माझी नाही!

जेवले नाही.

१० मे
"सर, अठराव्याचंही उत्तर चुकलंय."

माझा एक गेला, त्याचा एक वाढला. जागा संदेशची.