होडीवालीचा तिसरा भाग

१२ नोव्हेंबर, मंगळ.

शाळा आजही बंद. हवा खराब आहे म्हणे. खिडक्या लावलेल्या, समोरचा टॉवर दिसत नाही. हे मफलर बांधून हॉलमध्येच फेऱ्या मारतात आणि सरकारला नावं ठेवतात. ज्या सरकारात छत्तीस वर्षं नोकरी केली त्यालाच. मला मात्र ही खराब हवा मानवली, देव माफ करो. रेवा दिवसभर घरात. चार वाजले की माझा चहा, तिचं दूध आणि होडीवालीचं पुस्तक.

पुस्तक इंग्रजी, पण सगळी चित्रंच. बुडालेलं शहर, छपरांवरून होडी चालवणारी एक पोरगी, तिची हरवलेली बहीण. आमची रीत ठरलेली. आधी मी चित्र बघून सांगायचं काय चाललंय ते. मग रेवा बोलण्याच्या फुग्यातलं वाचून मराठीत सांगणार. मग पान मी उलटायचं. मी चौथी शिकलेली, फुग्यातलं मला कुठलं कळायला, पण बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं. त्या पोरीचं इंग्रजी नाव जिभेवर बसेना म्हणून मी चंपा ठेवलं. आता रेवा पण चंपाच म्हणते. आज म्हणाली, "आजी, तुला नं फुग्यांची गरजच नाहीये." आठवीतली पोर, पण बोलते कशी बघा. तेच आठवत राहिले आणि भाजीत मीठ दोनदा पडलं.

१४ नोव्हें., गुरु.

पहिला भाग संपला. चंपाची होडी कारंज्याला अडकते तिथे रेवा थांबली. "चंपाने तो... चप्पू उचलला." म्हटलं वल्हं. तिने पेनाने तळहातावर लिहून घेतलं. माझ्या आईकडची नदी, तिथली होडी, होडीवाल्याचा एक बोकड होता, तो पण होडीतून यायचा, हे सगळं सांगत बसले. पुस्तक मांडीवर तसंच. तिने घाई केली नाही.

हे मधेच, "काय, बालवाडी सुटली का?" म्हटलं, तुम्हाला कुणी बोलावलं नाही म्हणून जळताय. परत फेऱ्या मारायला लागले.

दुसरा भाग रे.च्या मैत्रिणीकडे आहे. हरलीन. शेजारच्या टॉवरमधली, वर्गातलीच.

१६ नोव्हें., शनि.

हरलीन आली. उंच, केस दाट, पाया पडली. आईने केलेला गाजर हलवा घेऊन आली, साजूक तुपातला. खोट काढायला जागा नाही, त्याचाच राग येतो.

म्हणते कशी, "दादी, चंपा नाम आपने रखा ना? सो क्यूट!"

ते नाव घरातलं होतं. आमच्या दोघींचं. आता शेजारच्या टॉवरात पण चंपा.

दोघी खोलीत गेल्या, दार लावलं. हसण्याचे आवाज. मी तीनदा आत गेले. एकदा मटारच्या करंज्या घेऊन, एकदा बशा आणायला, एकदा उगीच. तिसऱ्यांदा सूनबाई म्हणाली, "आई, मुलींना बसू द्या ना जरा." शिल्पाचं बोलणं गोडच असतं, पण लागलं.

यापुढे तिचं नाव पूर्ण लिहिणार नाही. ह. पुरे.

१८ नोव्हें., सोम.

दुसरा भाग सुरू केला. म्हणजे मी सुरू केला. रे.चा झालेला आहे. तिने सांगितलं नाही, पण मला कळलं. पान उलटलं, चंपाची होडी फुटली, मी "अगं बाई!" म्हटलं, आणि ही पुस्तकाकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. ह्यांना मॅचचा निकाल आधी कळलेला असला की ते असेच माझ्याकडे बघतात.

ह.बरोबर वाचलाय. दार लावून.

म्हटलं, "आज डोळे दुखताहेत गं." पुस्तक मिटलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांना काही झालेलं नाही.

२० नोव्हें., बुध.

शाळा सुरू. चार वाजता चहा ओतला, दूध ओतलं. "आजी, आज हरलीनकडे जाते, तिथूनच ट्यूशन." दूध ह्यांना दिलं. ते साय काढून प्यायले, वर सायीची तक्रार. दोन किलो मटार सोलले, एवढ्यांचं करायचं काय ते माहीत नाही.

साडेपाचला बेल. ह. दारात. रे. ट्यूशनला, हिची आज नसते. हातात जाड पुस्तक, प्लास्टिकमध्ये. "दादी, ये तीसरा पार्ट, पापा अभी लाए हैं। रेवा को दे देना प्लीज़।" लिफ्ट थांबवून ठेवलेली, पळाली.

दिलं नाही. रे. आली, जेवली, झोपली. पुस्तक पलंगाच्या पेटीत, रजयांच्या खाली.

का, ते मलाही नीट

२१ नोव्हें., गुरु.

दुपारी हे झोपले, शिल्पा ऑफिसात. काढलं. म्हटलं, आपणही आधी बघू की. तिनेच का बघायचं.

एकटीने बघताना मजा येत नाही, हे लिहून ठेवते. सात पानं झाली, मग लक्षात आलं की मी मोठ्याने सांगतेय. कुणाला? समोर पंखा. तरी शेवटापर्यंत गेले. काय झालं ते इथेसुद्धा लिहीत नाही.

संध्याकाळी रे. ने विचारलं, "आजी, हरलीनने काही दिलं का माझ्यासाठी?"

"नाही बाई."

इतकं सहज निघालं तोंडातून. ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं की मला वाटलं, कोण जाणे.

२३ नोव्हें., शनि.

दोघींचं भांडण झालं. फोनवर. मी मेथी निवडत होते, सगळं ऐकू आलं. रे. ओरडत होती, "यार, तू झूठ क्यों बोल रही है? दिया ही नहीं तूने! मेरी आजी झूठ बोलेगी क्या?"

मेथीची मुळं भाजीत आणि पानं कचऱ्यात गेली.

मग रे. माझ्याजवळच बसून राहिली. पूर्ण संध्याकाळ. माझ्या शालीत पाय घालून, लहान होती तेव्हा बसायची तशी. म्हटलं, पहिला भाग परत वाचायचा? "नको." बोकडाची गोष्ट सांगू? "नको ना."

खोटं कशाला लिहू. ती जवळ होती याचा मला आनंद झाला. ह.चा फोन दोनदा वाजला आणि हिने उचलला नाही, याचा पण.

२४ नोव्हें., रवि.

सकाळी ओट्याशी रे. शिल्पाजवळ रडत होती. मी डायनिंगवर तांदूळ निवडत. माझ्यापासून चोरून वगैरे नाही, मी तिथेच होते, घरातल्या माणसापुढे रडतो तसं.

"मम्मा, मीच तिला बोलले होते, तिसरा पार्ट तू पण उघडू नको, मला आधी दे. सेकंड मी तिच्यासोबत आधी वाचला ना, तर आजीला कळलं. आजीचं तोंड असं झालं होतं. म्हणून हा मला पहिल्यांदा आजीसोबत वाचायचा होता. ती प्रॉमिस बोलली होती. आणि आता म्हणते दिला. स्वतः वाचत असणार."

शिल्पा म्हणाली, "तिने नसेल उघडला गं." रे. म्हणाली, "मग आहे कुठे?"

पेटीत. रजयांच्या खाली. चार दिवस. ह. ने प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं, ते मी फाडलं.

तांदळात एकही खडा नव्हता. मी निवडतच राहिले.

२५ नोव्हें., सोम.

दिलं. चारला ती शाळेतून आली, मी पुस्तक पुढे ठेवलं. वाक्य तयार केलं होतं, "विसरले होते गं, वय झालं." निम्मंच निघालं.

तिने पानं उलटली. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट. माझं.

"पूर्ण वाचलंस?"

"बघितलं."

"एकटीने?"

मी हो म्हटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पुस्तक दप्तरात घातलं, ह.कडे गेली. सातला आली, जेवली. मला म्हणाली, "मी तिला सांगितलं की माझ्याच बेडखाली होतं. सॉरी बोलले तिला." आणि ताट उचलून गेली.

तेरा वर्षांची पोर. माझ्यासाठी खोटं बोलून आली. मैत्रिणीशी.

त्यात सुद्धा माझ्या मनात काय आलं, की आता आमच्या दोघींचं असं काहीतरी आहे जे ह.ला माहीत नाही. लाज वाटते लिहायला. पण आलं.

२७ नोव्हें., बुध.

आज ह. आली. रे. तिच्या मागे. मला वाटलं थेट खोलीत जातील. ह. थेट माझ्याकडे आली, पाया पडली आणि म्हणाली, "दादी, सॉरी। मैंने सबको बोल दिया कि आपको दिया था। मुझे पक्का लग रहा था कि आपके हाथ में दिया, पर शायद मैंने रेवा को ही स्कूल में दिया होगा। मम्मी भी डाँट रही थीं, बड़ों पर इल्ज़ाम लगाते हैं क्या।"

डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. तिला खरंच वाटतंय की तिचंच चुकलं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कोई बात नहीं, बेटा।" मोठ्या मनाने म्हणाले. वर लाडूही दिला.

रे. फिल्टरपाशी बाटली भरत होती. बाटली आधीच भरलेली होती. ओतून दिली आणि परत भरली.

मग दोघी गेल्या. जाताना ह. म्हणाली, शुक्रवारी येते, तिघी मिळून वाचू, मी तर अजून उघडलंच नाही. रे. ने लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत माझ्याकडे वळली नाही.

तिघी. म्हणजे सोफ्यावर मध्ये कोण बसणार, हा विचार आधी आला. बघा.

शुक्रवारला दोन दिवस. ह.ला खरं सांगायचं तर हिंदीत सांगावं लागेल. हिंदी मला येते, चाळीस वर्षं भाजीवाल्यांशी भांडले आहे. पण मराठीत तरी कुठे सांगितलंय अजून. रे. ला सुद्धा मी फक्त हो म्हटलंय.