दहापैकी चार शब्द

४ ऑगस्ट

स्वस्ति श्री! घोटासंरक्षक, जानुत्राता, हिमपिशवीधारक, पट्टीबंधनधुरंधर, मोचविध्वंसक, सकल शालेय अस्थिसंधींचे एकमेव आश्रयस्थान – म्हणजे आम्ही, शाळेचे फिजिओ – यांनी आज सिंहासनावर (स्टूल, एक पाय आखूड) आरूढ होऊन मुलींच्या फुटबॉल संघाची हंगामपूर्व परीक्षा घेतली. दहा शब्द वाचून दाखवायचे, पाच मिनिटांनी विचारायचे. पुढे कुणाच्या डोक्यास मार बसला की पुन्हा हीच परीक्षा. पूर्वीइतके शब्द आठवले तरच मैदानात प्रवेश. नियम आमचाच. त्याचा आम्हास यथोचित गर्व आहे.

निकाल शोचनीय! कुणास चार, कुणास पाच. गोलरक्षक – सगळे तिला 'भिंत' म्हणतात – तिला चार. या पिढीच्या स्मृतिऱ्हासावर पाऊण पान टिपण लिहिले. भाषा उत्तम उतरली आहे.

१९ ऑगस्ट

संघाचे प्रशिक्षक हे आमच्या पत्नीचे धाकटे बंधू, अर्थात आमचे श्यालक. नियतीने शत्रू दिला, तोही घरपोच!

आज एका मुलीचा घोटा टम्म सुजलेला. आम्ही तिला बाकावर बसवले. "दाजी, तुम्ही पट्ट्या बांधा हो. कोण खेळणार ते मी बघतो." संघादेखत! हशा पिकला. आम्हीही हसलो – दातओठ खाण्यास तेवढीच सोय.

२ सप्टेंबर

उपांत्य सामना. चेंडू अडवताना भिंतीचे मस्तक गोलखांबावर आदळले. आवाज बाकापर्यंत आला. आम्ही धावलो. (या वयात! या उदरासह!) उठून बसली. "स्कोअर काय झाला, सर?" सांगितला. अर्ध्या मिनिटाने – "सर, स्कोअर काय झाला?"

बाहेर काढली. हातमोजे काढून घेऊन कपाटात कुलूपबंद केले. अन्यथा ही कारटी पुन्हा गोलात उभी राहते, हा अनुभव आहे. श्यालक किंचाळले – "अहो, उठली ना ती! हिच्याशिवाय काय डोंबल जिंकणार?"

जिंकले. राखीव गोलरक्षक मुलीच्या जोरावर.

५ सप्टेंबर

मुख्याध्यापिका – "नियम तुमचाच ना? मग घ्या परीक्षा आणि मोकळे व्हा." अंतिम सामन्यास एक आठवडा.

९ सप्टेंबर

घेतली. भिंतीस पाच शब्द आठवले. पूर्वीपेक्षा एक अधिक! डोके दुखत नाही म्हणाली. दिव्याकडे पाठ करून बसली होती – बसो बापडी. प्रमाणपत्र दिले, हातमोजे परत केले. श्यालकांनी पाठीवर थाप मारली – "वा दाजी! आता कसं माणसात आलात!"

सर्व काही नियमानुसार. तरी रात्री प्रमाणपत्राची प्रत पुन्हा काढून वाचली.

११ सप्टेंबर

उद्या अंतिम सामना. मधल्या सुट्टीत भिंत आली. दाराशी घुटमळली.

"सर, ती परीक्षा परत घेता?"

"अगं, पास झालीस की!"

"नाही सर... ऑगस्टमध्ये मला दहाही येत होते. कोच सरांनीच सांगितलं होतं, चार-पाचच सांगा. म्हणजे पुढे लागलं-बिगलं तरी बाहेर बसवत नाहीत. या वेळी मी खरंच सगळे सांगायला गेले. पाचच आले."

आम्ही – धुरंधर, विध्वंसक, पाऊण पानाचे टिपणकार – शुद्ध गाढव! अख्ख्या संघात एकीसही सहावा शब्द येत नाही, आणि आम्हास शंका येण्याऐवजी अलंकार सुचले!

प्रमाणपत्र रद्द केले. 'माझ्या चुकीने दिले' असे मुख्याध्यापिकांस लेखी कळवले. तिच्या आईस फोन करून तत्काळ इस्पितळात न्यावयास सांगितले. मग मैदानावर गेलो.

"सगळ्या शाळा करतात हो, दाजी! फायनल आहे!"

"डोकं तिचं आहे."

"आणि नोकरी माझी!"

कॉलर धरली. मी. आयुष्यात प्रथमच. सुटले तेव्हा त्याच्या शर्टाचे बटण माझ्या मुठीत होते.

घरी पत्नी – "तक्रार केलीत तर मला माहेर उरेल का?" तरीही तक्रार दिली.

१२ सप्टेंबर

तीन-शून्य. हरलो. संघातील एकीनेही माझ्याकडे पाहिले नाही. श्यालकांनी पाहिले; न पाहते तर बरे.

इस्पितळात गेलो. भिंतीच्या डोक्यात बारीक रक्तस्राव. डॉक्टर – "वेळेत आणलीत. आज खेळली असती तर दुसऱ्या धक्क्याला गेली असती." आता दोन महिने विश्रांती. तिच्या आईने माझा हात धरला, नंतर प्रमाणपत्रावरची सही आठवून सोडला. दोन्ही रास्त.

२० सप्टेंबर

आदेश आला. प्रशिक्षकांविरुद्ध पुरावा नाही – संघातील सतरा मुलींनी 'असे कुणी सांगितले नाही' असे लिहून दिले; भिंतीचे म्हणणे 'डोक्यास मार लागलेला' म्हणून धरले नाही. माझ्याविरुद्ध आहे – माझीच लेखी कबुली. मी कार्यमुक्त. फिजिओचे काम यापुढे प्रशिक्षकच पाहतील. पुढल्या हंगामाची परीक्षाही तेच घेतील.

कार्यमुक्तीस भांडारपालाची पावती लागते. तो शाळेचे जाकीट परत घेत नाही. म्हणतो, चेन बिघडली आहे. दिले तेव्हाच बिघडलेली होती! "तसं लिहून आणा, साहेब." कुणाकडून?