माफी मागायची राहिली

आंत्सिराबे, ४ जून

ती. मामांस वुलाचा शि. सा. न. वि. वि.

घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुमचं बोलणंच बंद केलंय, मग फोन करून काय उपयोग? म्हणून लिहिते. मामीचा फोन आला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच प्रत्येक भांडण आपण जिंकतोय म्हणून भारी खुशीत आहे!

मामा, फेनूसाठी मियालीला मागणी घालायचं भाषण मी करायचं, हे कोणाला विचारून ठरवलंत? आजवर घराण्यातर्फे तुम्हीच उभे राहिलात. मी डेअरीत चार माणसांसमोर हिशेब वाचला तरी घामाघूम होते. त्यात मुलीकडून म्हातारे राझाफी बोलणार. गेल्या वर्षी त्यांनी मुलाकडच्या वक्त्याची अशी फिरकी घेतली, की ती सोयरीक मोडलीच. माझ्यापायी मियाली हातची गेली तर माझा भाऊ जन्मभर माझ्याशी बोलणार नाही. दुसरं कोणीतरी बघा ना.

या भित्र्या भाचीवर लोभ जरा जास्तच असू द्यावा.

आपली,
वुला

अंबुसित्रा, ९ जून

चि. वुलास अ. उ. आ.

दुसरं कोणी नाही. आई गेल्यावर फेनूला पाठीशी बांधून तू वाढवलंस. त्याच्यासाठी मागणं घालायचा हक्क तुझ्याइतका कोणाचा?

रोज सकाळी तुझ्या बदकांसमोर बोलत जा. बदकं हसत नाहीत, आणि उठून गेली तर भाषण लांबलं समजावं. शाल खांद्यावर घट्ट धर, म्हणजे हातांना काम राहतं. म्हणी दोन-तीनच घे, उगाच भातापेक्षा कालवण जास्त नको.

आणि सगळ्यांत आधी माफी! थोरामोठ्यांपुढे तोंड उघडते, वयानं लहान आहे, क्षमा असावी, हे म्हटल्याशिवाय मागणीचा शब्द काढायचा नाही. राझाफी तिथेच टपून बसलेला असतो. तुझी मामी म्हणते, एवढी माफी मागता येते तर घरात कधी ऐकू कशी आली नाही? मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत ती स्वयंपाकघरात गेलीसुद्धा.

घाबरलीस तरी चालेल, पण मागे फिरू नकोस. आमचा जीव तुझ्यात आहे, हे ध्यानात असू दे.

तुझा,
मामा

आंत्सिराबे, २८ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

आधी बसून घ्या.

मी उभी राहिले, सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं, आणि तोंडून थेट निघालं की आम्ही मियालीला मागायला आलोय. माफी साफ विसरले! राझाफी सावकाश उठले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले की शेळी मागायला आलात होय, ती तर गेल्या आठवड्यातच विकली, पाहुणे बाजार चुकलेले दिसतात. मुलीकडचे खो खो हसले. मी फेनूकडे पाहिलं. लहानपणी रडू यायच्या आधी व्हायचे, तसे त्याचे कान लाल झाले होते.

मग मी भीतीचा विचारच सोडला. म्हटलं, माफी मागायची राहिली याची आधी माफी करा. मी लहान आहे, तेही माफ करा. इथे ज्यांनी उभं राहायचं ते माझे मामा घरी पाटी घेऊन बसलेत आणि बायकोकडून रोज हरताहेत, त्यांना माफ करा. हे भाषण आजवर फक्त बदकांनी ऐकलंय, आणि तीही अर्ध्यावर उठून गेली. मामा, लोक हसले, पण या वेळी माझ्या बाजूनं हसले! मग म्हणीबिणी राहिल्या बाजूला, मी नुसती फेनूबद्दल बोलत सुटले. थांबले तेव्हा मियालीची आई डोळे पुसत होती.

मियाली आपली झाली! राझाफी म्हणाले, माफी दिली, पण दंड होणारच. ऑगस्टमध्ये त्यांच्या नातवाची मागणी आहे, तिथे त्यांच्या बाजूनं मी बोलायचं. मी हो म्हणून बसलेय.

आशीर्वाद असाच पाठीशी राहू द्या.

आपली,
वुला

अंबुसित्रा, ५ जुलै

चि. वुलास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी मोठ्यानं हसलो. घशातून आवाज निघाला तशी मामीच्या हातून पळी पडली.

काल डॉक्टरांनी थोडं बोलायची मोकळीक दिली. पहिलं काय बोलावं याचा विचार केला, आणि रीत ती रीत. शाल खांद्यावर घेतली, मामीपुढे उभा राहिलो, आणि इतकी वर्षं तिला मध्ये बोलू दिलं नाही याची माफी मागितली. भाषण छोटंच झालं. मामी उठून गेली नाही.

ऑगस्टात आम्ही दोघंही येतोय. जागा मागच्या रांगेत धर. मला बोलायचं नाही, तुझं भाषण ऐकायचंय.

बदकांना आमचा नमस्कार सांग, आणि लोभ आहे तो वाढू दे.

तुझा,
मामा