अठरा बाक आणि एक मोकळी जागा

माझ्या हातून झालेल्या वस्तू अशा: प्रार्थनामंदिराचे अठरा बाक, व्यासपीठ, प्रभुभोजनाचं मेज, मुख्य दार चौकटीसकट, मंडळीतल्या बहुतेक घरांची कपाटं, एक पाळणा आणि कितीतरी शवपेट्या. शवपेटीचे पैसे मी कधी घेतले नाहीत. पाळण्याचेही नाहीत, कारण तो माझ्याच मुलीसाठी होता. मी कुणा मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो नाही. मोडक्या खुर्च्या सुट्या केल्या, पुन्हा जुळवल्या, आणि शिकलो. हे मी गर्वाने लिहितो. गर्व हे पाप आहे हे मला ठाऊक आहे. पण सांधा बरोबर बसला असेल तर तो बसला म्हणणं हे काही खोटं बोलणं नव्हे.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. लाकूड चिरल्याशिवाय आतली गाठ दिसत नाही, असं मी त्यांना सांगितलं. म्हणून डोकं ठिकाणावर, हात स्थिर आणि पत्नी शेजारी असताना, कुणी न सांगता आणि न दटावता, मी हे लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. आत्मा ज्याचा आहे त्याच्याकडे जाईल. त्याची वाटणी माझ्या हाती नाही. देहासाठी पेटी तयार आहे, कारखान्याच्या माळ्यावर. झाकण ठोकू नये, नुसतं दाबावं, बसतं. अंत्यविधीत पडद्यावर माझे फोटो फिरवू नयेत. शास्त्रपाठ वाचावा. गीताची सगळी कडवी गावीत, वेळ वाचवायला मधली गाळू नयेत. ज्याला फोनवर बोलायचं असेल त्याने बाहेर जाऊन बोलून यावं. मला घाई नसेल.

२. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नीला. येईल त्याला वाटत सुटू नये, असं पुढे लिहिणार होतो. ती खांद्यावरून वाचते आहे, म्हणून लिहीत नाही.

३. करवती, पटाश्या, गुण्या आणि शिकंजे धाकट्या भावाला. रविवारी त्यांना हात लावू नये. मी कधी लावला नाही. त्यापायी एका हॉटेलवाल्याचं मोठं काम हातचं गेलं. तो हसला, मला त्या रात्री छान झोप लागली. मेहुण्याने नेलेला मोठा रंधा त्याच्याकडेच राहू द्यावा. मात्र पातं बोथट केलं असेल तर काढून घ्यावा.

४. मला न विचारता व्यासपीठाला क्रीम रंगाचा ऑइलपेंट फासणाऱ्या खजिनदारांना मी क्षमा केली आहे. रंग खरवडायचा माझा पत्रा त्यांना द्यावा.

५. आता बाक. मी या मंडळीत पहिल्यांदा आलो तो एकटा, ओळखदेख नसलेला, आणि मागे दाराशी उभा राहिलो. एका नर्सबाईंनी बाकावर सरकून शेजारची जागा हाताने थोपटली. बसलो, तो आजतागायत. पुढे जुने बाक कुजले आणि नव्यांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा प्रत्येक कुटुंबाला लागते त्याहून एका माणसाची लांबी मी जास्त धरली. तीच मग आमची रीत झाली: दर बाकावर एक जागा परक्यासाठी मोकळी, तिथे पर्स ठेवायची नाही, छत्री ठेवायची नाही. पाठ मी मुद्दाम सरळ ठेवली, उपदेशात डुलकी लागू नये म्हणून. तक्रारी आल्या. ऐकल्या नाहीत.

गेल्या वर्षी नव्या पाळकांनी खुर्च्या, पडदा आणि ड्रम आणायचं काढलं, तरुण येत नाहीत म्हणून. सभेत मी उठून म्हणालो की बाकावर माणूस दुसऱ्यासाठी सरकतो, खुर्चीवर सरकणार कुठे? आणि तरुण बाकांमुळे नाही, घरातली प्रार्थना आपणच सोडली म्हणून येत नाहीत.

पाळक मायेनेच म्हणाले, "काका, काळ पुढे गेलाय."

"जाऊ दे ना," मी म्हणालो. "दमला की त्याला टेकायला कुठेतरी जागा लागेल. ती तरी ठेवा."

मतदान झालं, मी हरलो. त्यासाठी मंडळी सोडली नाही. खुर्चीवर बसतो, पाठ सरळ ठेवून. काढलेले बाक मंडळीने मला दिले, ते माझ्या कारखान्यात आहेत. सतरा बाक ज्या त्या कुटुंबाला द्यावेत.

६. उरलेला अठरावा, म्हणजे डाव्या रांगेतला तिसरा, आमचा. त्यावर माझी मुलगी लहानाची मोठी झाली. तीन वर्षांपासून ती नकाशे काढणाऱ्या एका माणसाबरोबर राहते, लग्नाशिवाय. मला हे मान्य नाही. लग्न म्हणजे देवापुढे दिलेला शब्द. तो न देता संसार मांडणं म्हणजे खाच न पाडता नुसत्या डिंकावर फळी चिकटवणं. दिसते पक्की, भार पडेपर्यंत. हे मी तिला एकदाच सांगितलं, स्वयंपाकघरात.

"बाबा, आता सगळेच असे राहतात."

"सगळे माझी मुलगी नाहीत."

त्यानंतर ती प्रार्थनेला आली नाही. घरी येते, मी कारखान्यात असताना. माझ्या गोळ्यांची चौकशी आईकडे करते. ती पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसावी, याहून दुसरं काही मला या जगात हवं आहे असं नाही.

कच्च्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "तिने रीतसर विवाह केल्यास हा बाक तिला द्यावा." साक्षीदार म्हणून आलेल्या जुन्या पाळकांना ते पटलं. पत्नीने चष्मा काढला.

"अहो, नर्सबाईंनी तुम्हाला बसवायच्या आधी काय काय विचारलं होतं?"

"काही नाही."

"मग?"

मी ओळ खोडली. बाक मुलीला, बिनशर्त. माझं मत होतं तिथेच आहे. ते तिला माहीत आहे, पुन्हा सांगत नाही. विनंती एवढीच की संध्याकाळी कधीतरी त्यावर बसून प्रार्थना करावी. नकाशेवाला शेजारी बसणार असेल तर बसू द्यावं. तेवढी लांबी धरलेली आहे.

ठिकाण: कारखाना, राहत्या घरामागे.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार, संध्याकाळ.
सही: सुतार, स्वहस्ते.
साक्षीदार: १. मंडळीचे निवृत्त पाळक. २. शेजारचे शिंपीदादा.

ताजा कलम. सह्या झाल्या आणि शिंपीदादा पेनाचं टोपण शोधत असतानाच नकाशेवाला आला, एकटा. वर काय लिहिलं आहे हे त्याला माहीत नाही, मीही सांगितलं नाही. मी बाक विकणार असल्याचं त्याने कुठेसं ऐकलं होतं. तिला तिसरा हवा आहे, पण ती तोंडाने म्हणणार नाही, म्हणून तिच्या नकळत आलो, असं म्हणाला आणि पाकीट पुढे केलं. एवढे पैसे आणलेस कुठून, असं मी विचारलं. तो मेजावरचा भुसा बोटाने सारत राहिला.

"लग्नासाठी साठवतोय आम्ही. तुम्ही याल का, हे विचारायचा तिला धीर होत नाही."

मी पाकीट त्याच्याच खिशात घातलं. ज्यासाठी ठेवलेत त्यासाठीच खर्च कर आणि तारीख गुरुवारनंतरची धर, असं सांगितलं. पत्नी आत निघून गेली. दोन्ही साक्षीदारांनी इथे पुन्हा सही केली आहे. नोंद पुरी असावी म्हणून रक्कमही लिहितो: पंचाहत्तर हजार. त्याने देऊ केले, मी घेतले नाहीत.