जर्सीचा मूळ निळा

जयपूर, रविवार, १२ जानेवारी १९८६

आज जोशीकडे गेलोच नसतो तर बरं झालं असतं.

भारतीय फुटबॉल संघाच्या जर्सीचा इतिहास मी कधीपासून जमवतोय. गळा कसा बदलला, कॉलर कधी आली, सगळं जुन्या फोटोंवरून. पण फोटो काळे-पांढरे! तो निळा नेमका कसा होता, हे काही केल्या कळत नाही. आणि आमच्या बँकेतला हा जोशी, ज्याला ऑफसाइड म्हणजे काय तेही ठाऊक नाही, त्याच्या ट्रंकेत, एकेकाळी भारताकडून खेळलेल्या सासऱ्यांची खरीखुरी जर्सी! माझ्या नशिबी नुसती कात्रणं. दिवाळीपासून त्याच्या मागे लागलो होतो, एकदा दाखव म्हणून.

वहिनींनी ती ताटात घालून आणली. गर्द निळी, अगदी झळझळीत. नुसता जळफळाट झाला. हात फिरवला, तर बोटाला निळा रंग लागला.

"वहिनी, हे काय?"

"अहो, पार विटली होती. तुम्ही एवढे अभ्यास करणारे येणार, मतलब तशीच कशी दाखवायची? परवाच रंगरेजाकडून रंगवून आणली."

खोटं कशाला लिहू, आधी बरंच वाटलं. आता जोशीकडेही काही उरलं नाही! मग विचारलं, आधी कसा निळा होता?

"निळाच होता की," जोशी म्हणाला.

घरी येऊन साबणाने घासलं, तरी बोट अजून निळंच आहे. माझ्यासाठी रंगवलेला निळा. कुठल्याच संघाने कधी न घातलेला.